चालत्या यंत्राच्या गाभ्यात

आपल्यातील पुष्कळ कुटुंबे संगणकाच्या नोकरीमुळे या देशात स्थिरावली. तरी रात्रपाळीत आम्ही नेमके काय करीत होतो, हे घरच्यांना क्वचितच ठाऊक असते. आम्ही युनिक्सचे प्रशासक. यंत्र बंद न करता त्याच्या कर्नलमधील, म्हणजे गाभ्यातील, एखादे मूल्य बदलणे हा आमच्या कामाचा एक भाग होता.

युनिक्समध्ये चालू कर्नलची स्मृती '/डेव/केमेम' या नावाने फाइलीसारखी उघडता येई. कोणते चल कोणत्या पत्त्यावर आहे, हे कर्नलच्या मूळ फाइलीतील तक्ता सांगे. एडीबी हा डीबगर या दोहोंची सांगड घाली. सनओएस ४ मधील 'एनएफएस_पोर्टमॉन' हे चल घ्या. ते शून्य असले की एनएफएस सर्व्हर कोणत्याही पोर्टावरून आलेली विनंती मान्य करी. एक केले की १०२४ च्या खालच्या, केवळ रूटलाच उघडता येणाऱ्या पोर्टावरूनच. एवढ्यासाठी एक ओळ पुरे.

पण त्या ओळीत एकेक चिन्ह मोलाचे होते. चलाच्या नावापुढे तिरपी रेघ दिली तर चालू स्मृतीत लिहिले जाई आणि तो बदल रीबूटपर्यंतच टिके. प्रश्नचिन्ह दिले तर डिस्कवरच्या फाइलीत, म्हणजे परिणाम पुढच्या रीबूटनंतर. आकडे सोळाच्या पायाने वाचले जात : नुसते १०० लिहिले तर ते २५६ होत, शंभरच हवे तर '०टी१००'. आणि 'मॅक्सयूजर्स' असा बदलण्यात काहीच अर्थ नव्हता, कारण तक्त्यांचे आकार त्यावरून आरंभीच ठरून गेलेले असत. तरी तो हट्ट धरणारे साहेब आम्ही पाहिले आहेत!

एडीबी 'खात्री आहे का?' असे विचारीत नसे. भलत्या पत्त्यावर चार बाइट पडले की यंत्र कोसळे. किंवा कोसळत नसे आणि मुकाट्याने चुकीचे चाले, हे अधिक वाईट. आमचा व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि गावी पैसे जायचे ते त्याच पगारातून. म्हणून आम्ही दोघे बसत असू : एकाने टंकायचे, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे, मगच एंटर.

पुढे सोलारिस ८ बरोबर एमडीबी आला; सिसीटीएलने तर ठरवून दिलेलीच मूल्ये बदलता येतात. आमच्या वहीतले रकाने मात्र मराठीत होते : चल, जुने मूल्य, नवे मूल्य. ते वाचायला परदेशी सहकाऱ्यांना आम्हालाच बोलवावे लागे.