शितावरून भात आणि आमचं तलमडुगु

बारावीचे निकाल लागले की आपल्या सगळ्यांच्या घरात एकच चर्चा सुरू होते. इंजिनिअरिंग, मेडिकल की सीए? आमच्याही घरात ती दरवर्षी कुणा ना कुणासाठी होते. यंदा मात्र पुतणीने नवीनच जोडी समोर ठेवली, संख्याशास्त्र की रेडिओ-टीव्ही. तिला गणित आवडतं आणि माईकही आवडतो. आदिलाबादला इंटर करताना कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाचं निवेदन तिच्याकडेच असायचं, तेही तेलुगूत. घरी आमची भाषा मराठी.

दादाचं म्हणणं होतं की दोन्हीपैकी एकालाही धड नोकरी नाही. आईचं मत त्याहून रोखठोक. "आकडे मोजून कोनाचं पोट भरते गा? अन् रेडिओवर बोलून तरी?" मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यवतमाळला बी.ई. करून हैदराबादेत सॉफ्टवेअरमध्ये असलेला घरातला एकटा मीच. त्या निमित्ताने दोन्ही विषयांचा बराच शोध घेतला. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे, कारण असे प्रश्न आणखी घरांत पडत असतील.

आधी गावाबद्दल दोन शब्द. तलमडुगु हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं मंडलाचं गाव. शेतात कापूस, सोयाबीन, तूर. बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू, सगळं एका दमात ऐकू येतं. पलीकडचं किनवट महाराष्ट्रात आहे आणि आम्ही तेलंगणात. पण 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि सगळा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली तेव्हा हे तालुके मराठी मुलखात गेले, आम्ही इकडे राहिलो. कुठल्या भागात कोणती भाषा जास्त, याचा अंदाज ज्या आकड्यांवरून बांधला गेला ते जनगणनेचे होते. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीचं राज्य कोणतं, हे ठरवण्यात मोजणीचा मोठा वाटा होता. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्प बसली नाही, पण "अस्सं?" म्हणाली. तिच्याकडून हे बरंच झालं.

आता शिक्षणाकडे वळू.

आपल्याकडे संख्याशास्त्राचं विद्यापीठातलं शिक्षण तसं तरुणच आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात 1931 साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि 1941 साली कलकत्ता विद्यापीठात या विषयाचं एम.ए. सुरू झालं. सी. आर. राव हे तेलुगू घरातले विद्यार्थी त्याच सुरुवातीच्या तुकडीतले, पुढे ते जगभर गाजले. मराठी माणसंही मागे नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतीच्या उत्पादनाचा नमुना पाहणीने अंदाज बांधण्याचं काम देशात उभं केलं आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते पोचले. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजहून शिकून आले आणि 1953 साली पुणे विद्यापीठात त्यांनी हा विभाग उभा केला.

प्रसारणाचं शिक्षणही साधारण याच काळातलं. उस्मानिया विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग 1954 साली निघाला, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला 1964 साली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 1974 पासून दूरदर्शनचंही प्रशिक्षण होऊ लागलं. दोन्ही विषय एकाच वयाचे, अनेकदा एकाच विद्यापीठात, पण एकमेकांचं तोंड न पाहता वाढले. एक विज्ञानाच्या इमारतीत आणि दुसरा कलेच्या. पुतणीला "दोन्हीपैकी एक" असा प्रश्न पडला तो यामुळेच.

खरं तर या दोघांचं लग्न फार पूर्वी लागलं होतं, आणि तेही मराठीत. 1956 साली, म्हणजे आमचं राज्य बदललं त्याच वर्षी, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं काढली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास शेती आणि गावच्या प्रश्नांवर मराठीत कार्यक्रम लागायचा. मंडळी एकत्र बसून ऐकायची, मग चर्चा करायची, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जायचे.

इथवर ही गोष्ट प्रसारणाची. पुढची संख्याशास्त्राची. टाटा समाजविज्ञान संस्थेने कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. महत्त्वाचं म्हणजे जिथे श्रोतामंडळ नव्हतं अशा गावांतही त्याच मुलाखती घेतल्या. का? कारण दहा आठवड्यांत लोकांना नवीन माहिती इतर कुठूनही मिळू शकते. तुलनेला दुसरी गावं नसती, तर सगळं श्रेय रेडिओला देऊन मंडळी मोकळी झाली असती. मंडळं असलेल्या गावांत माहिती स्पष्टपणे जास्त वाढली, असं या पाहणीत दिसलं. नुसता रेडिओ वाजून भागत नाही, एकत्र बसून बोलावं लागतं, हे आकड्यांनी दाखवलं. पुढे ही योजना देशभर नेण्यात आली.

मला या प्रयोगाचं अप्रूप वाटतं. काय सांगायचं हे एकाला कळत होतं, ते पोचलं की नाही हे दुसऱ्याला कळत होतं, आणि दोघं एका टेबलावर बसले होते.

आजचं टेबल टीआरपीचं. आपण मालिका बंद पडली की हळहळतो, पण ती बंद का पडली हे कुठल्या तरी तक्त्यात आधीच लिहिलेलं असतं. देशात टीव्ही मोजण्याचं काम बार्क ही संस्था करते. निवडक घरांत एक यंत्र बसवलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात आपल्या कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखतं. समोर कोण बसलंय हे घरच्यांनी बटण दाबून सांगायचं. 2020 च्या सुमाराला अशी घरं होती सुमारे 44 हजार, आणि देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 21 कोटी. भागाकार करा. एक घर साधारण पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलतं.

"इतक्याशा घरांवरून काय कळणार?" हे दादाने लगेच विचारलं. पण आपल्या भाषेतच याचं उत्तर आहे, शितावरून भाताची परीक्षा. भात एका माणसाचा असो की जेवणावळीचा, नीट ढवळून काढलेली थोडी शितं पुरतात. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या एक हजार लोकांना विचारलं, तर उत्तर साधारण तीन टक्क्यांच्या आत-बाहेर येतं. मग लोकसंख्या लाख असो की कोटी. चूक निम्मी करायची असेल तर मात्र माणसं चौपट लागतात.

म्हण खरी ठरते ती भात ढवळलेला असला तरच. खाली करपलेला थर असेल आणि तुम्ही वरचंच शीत उचललं, तर परीक्षा चुकली. आम्ही सीमेवरची माणसं म्हणजे पातेल्याच्या कडेचा भात. टीव्हीच्या हिशेबात महाराष्ट्र-गोवा हा एक बाजार धरतात आणि आंध्र-तेलंगणा हा दुसरा. मराठी वाहिनीला जाहिरात देणारा पहिला तक्ता पाहतो. तलमडुगुत माझी आई रोज संध्याकाळी मराठी मालिका लावते, पण ती मोजली गेलीच तर दुसऱ्या तक्त्यात, जिथे मराठीचा आकडा कुणी फारसा शोधत नाही. यात कुणाचा दुष्टावा नाही, आखणीच तशी आहे. पण जो आखणीत नाही, त्याच्यासाठी कार्यक्रम कोण करणार?

माझं स्वतःचं काम व्हिडिओ ॲपच्या आकड्यांचं आहे. तिथे नमुना लागत नाही, प्रत्येक फोनची नोंद येते. वाटतं की आता कुणी सुटणार नाही. पण नोंद फोनची येते, माणसाची नाही. गावाकडे एक फोन चार जण वापरतात. फोनची भाषा इंग्रजी, ठिकाण तेलंगणा, आणि पाहणारी माझी आई. तिला सुचवले जातात तेलुगू कार्यक्रम. ते ती पाहत नाही, म्हणून पुढच्या नोंदीत तिला "कमी रस असलेली प्रेक्षक" असं नाव पडतं. आकडे कोट्यवधी असले, तरी कोणता प्रश्न विचारायचा हे माणसालाच ठरवावं लागतं.

हे सगळं मी पुतणीला सांगितलं आणि सुट्टीत एक काम दिलं. गावात लोक काय ऐकतात, काय पाहतात, याची छोटी पाहणी कर. ओळखीची घरं घ्यायची नाहीत. गल्लीच्या टोकापासून मोजत दर दहावं घर घ्यायचं, बंद असलं तर पुन्हा जायचं. पहिल्या दोन दिवसांतच तिचा फोन आला. "काका, एक गंमत होतेय. मी तेलुगूत विचारलं की लोक म्हणतात, आम्ही तेलुगू पाहतो. तेच मराठीत विचारलं की म्हणतात, मराठीच पाहतो. एका आजीने तर दोन्ही उत्तरं दिली, कारण पहिल्यांदा शेजारीण सोबत होती."

मला वाटतं, तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला त्याच दिवशी मिळालं. कुणाला विचारायचं, हे संख्याशास्त्र शिकवतं. कसं विचारलं की माणूस मोकळं बोलतो, हे माईक हातात घेतलेल्याला कळतं. एक आलं आणि दुसरं नाही, तर वही भरते पण खरं कळत नाही. नंतर तिने रीतच बदलली. आधी पाणी-पावसाच्या, कापसाच्या गप्पा, समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत प्रश्न. गोंडी घरांसाठी तिने गोंडी बोलणारी मैत्रीण सोबत घेतली.

आता मुलांसाठी कामाचं. हा क्रम आम्ही घरी बसून ठरवला, तुम्हालाही उपयोगी पडेल. पदवीला संख्याशास्त्र घ्यावं, कारण गणिताची सवय एकदा सुटली की परत धरणं कठीण जातं. तेलंगणात गणित, संख्याशास्त्र आणि संगणक असे तीन विषय मिळून बी.एस्सी. बऱ्याच कॉलेजांत आहे, प्रवेश दोस्त या सरकारी ऑनलाइन पद्धतीने होतो. महाराष्ट्रात पुण्याचं फर्ग्युसन आहे, आणि ज्यांची तयारी असेल त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. प्रसारणाची दारं पदवीनंतरही उघडी असतात. हैदराबाद विद्यापीठ, रानडे इन्स्टिट्यूट, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे टीव्हीचे अभ्यासक्रम, इथे कुठल्याही शाखेचे पदवीधर अर्ज करू शकतात. उलटा प्रवास, म्हणजे आधी माध्यमं आणि मग संख्याशास्त्र, फार अवघड जातो.

आणि तोवर माईक सोडायची गरज नाही. तेलंगणातच संगारेड्डी भागातल्या माचनूर गावात 2008 पासून दलित महिलांनी चालवलेला संघम रेडिओ आहे. असं सामुदायिक केंद्र दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरापुरतं असतं, पण त्या परिसराच्या बोलीत बोलतं. आदिलाबादचं आकाशवाणी केंद्र गोंडीतही कार्यक्रम देतं. तीन भाषा येणाऱ्या मुलीला अशा ठिकाणी जे शिकायला मिळेल ते वर्गात मिळणार नाही.

पुतणीने पहिली पसंती संख्याशास्त्राला दिली आहे. दादा अजून कुरकुरतो, पण पाहणीची वही त्याने दोनदा चाळली आणि आपल्या गल्लीतलं एक घर सुटलंय, हे बरोबर दाखवून दिलं.

शेवटी सगळ्यांनाच एक विनंती. 2011 च्या जनगणनेत देशभरात 8 कोटी 30 लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली होती. त्यानंतरची मोजणी लांबली, ती आता होईल. गणक दारात येईल तेव्हा तो मातृभाषा विचारेल, आणि येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारेल. तुम्ही हैदराबादेत असा, इंदूरला असा की तलमडुगुला, त्या दिवशी घरात जो असेल त्याने गडबडीत "जे असेल ते लिहा" म्हणू नये. मातृभाषा कोणती ते नीट सांगावं, आणि त्याने काय लिहिलं तेही एकदा विचारून घ्यावं.