नेऱ्याहून पाषाणच्या तळ्यावर

भाताची झोडणी आटोपली, पोती घरात आली, की मुलांना घेऊन कुठेतरी जावे असे घरातल्या बायकांना वाटू लागते. कोणी म्हणते आळंदीला जाऊ, कोणी म्हणते जेजुरीला. जरूर जावे. पण यंदा एक सकाळ पाषाणच्या तळ्यासाठी काढा. नेऱ्याहून हिंजवडी, तिथून वाकड, मग मुंबई-बंगळूर रस्त्याने सूसच्या फाट्यापर्यंत. झुंजूमुंजू असतानाच निघालात तर कोवळ्या उन्हात तळ्यावर पोचाल.

तुम्ही म्हणाल, पाणी बघायला पुण्यात कशाला जायचे? कासारसाईचे धरण आमच्या शेजारीच आहे. खरे आहे, आणि म्हणूनच जायचे.

पाषाणचे तळे इंग्रजांच्या अमदानीत रामनदी अडवून बांधले. त्याचे पाणी पाषाण गावाला आणि गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला जात असे. त्याच बंगल्याच्या आवारात १९४९ साली पुणे विद्यापीठ आले. तेव्हा भोवती शेते होती, गुरे पाण्यावर येत. आज चहूबाजूंनी इमारती आहेत, एका अंगाला टेकडी तेवढी शिल्लक आहे. महापालिकेने काठाने पायवाट केली आहे. शाळांची मुले वह्या घेऊन येतात, निवृत्त माणसे गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. गंमत अशी, की ही मंडळी जे पाहायला येतात त्यातले निम्मेअधिक तुमच्या बांधावरच असते. ढोकरी, टिटवी, खंड्या, पाणकावळा यांची ओळख तुमच्या पोरांना कोणी करून द्यायला नको. उलट शहरातल्या मुलाला टिटवीची अंडी कशी असतात हे तुमचा मुलगाच सांगेल.

पण काही पाहुणे मात्र नीट दाखवा. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी दिसेल, त्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. नाव कोणी ठेवले कोण जाणे, पण शोभते. चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या बुडाशी तांबडे ठिपके असलेले ते हळदीकुंकू बदक. ते बारमाही इथलेच. गवंड्याच्या थापीसारखी चपटी चोच असलेला थापट्या मात्र हिमालयापलीकडून थंडीपुरता उतरतो. एवढा लांबचा प्रवास का? तिकडची तळी थंडीत गोठतात. चोच बुडवायला पाणीच राहत नाही, म्हणून हे येणे. तुमच्या नांगरटीत शेपूट वरखाली हलवत किडे टिपणारा पांढरा धोबी असाच थंडीचा पाहुणा आहे. दिवाळीच्या सुमारास येतो, उन्हाळा लागला की जातो.

आता दुसरी बाजू. तळ्यावर हिरवागार गालिचा दिसला, वर जांभळी फुले दिसली, तर मुले टाळ्या वाजवतील. ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेसाठी म्हणून आपल्या देशात आणली गेली. शेतकऱ्याला तिचे गणित चटकन कळते. मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद असते, म्हणजे आपण युरियाच्या आणि सुपर फॉस्फेटच्या गोणीतून देतो तेच. भरपूर खत, भरपूर पाणी, डोक्यावर ऊन! हवामान मानवले तर पंधरा दिवसांत पीक दुप्पट. पाण्यात उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, डास माजतात. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी यांचे तिच्यात बरे भागते. कमळपक्ष्याची लांब बोटे पानांवर सहज पेलतात. पण थापट्याला उघडे पाणी लागते. ते नसले की थवा वर एक फेरी मारतो आणि पुढे जातो. जुने पक्षीनिरीक्षक सांगतात, की पूर्वी येणारी पाहुणी बदके आता फार थोडी उरली. जलपर्णी काढायला यंत्रे लावतात, माणसे लावतात, पण ती पुन्हा येते. येणारच. वरून खत चालूच आहे.

हे वरचे पाणी येते कुठून? रामनदी उगम पावते आपल्याच मुळशी तालुक्यात, खाटपेवाडीच्या अंगाला. तिथून भूगाव, बावधन करत ती पाषाणला येते. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही मुळशीचीच गावे २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. नेरे कोणत्या महापालिकेत जाणार याची चर्चा चावडीवर तुम्ही ऐकतच आहात. इमारती आधी येतात आणि मैलापाण्याच्या नळ्या मागाहून. मधली वर्षे ते पाणी ओढ्यात जाते. आपल्या शिवारात नवी इमारत उठत असेल तर तिचे सांडपाणी कुठे सोडणार, हे ग्रामसभेत आजच विचारायला हवे. शहर आले म्हणजे तळे जातेच असे नाही. लंडनला पिण्याचे पाणी देणारे वॉल्थमस्टोचे दहा तलाव २०१७ साली लोकांना हिंडायला खुले केले. भोवती दाट वस्ती, तरी बगळे-बदके आहेत. आपल्याकडे निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर बघा. इंग्रजी अमदानीत कालव्यासाठी गोदावरीवर घातलेला तो बंधारा. भोवती शेती असूनही रामसर यादीत जाणारे ते महाराष्ट्रातले पहिले ठिकाण ठरले.

जाताना शिदोरी घ्या, पिण्याचे पाणी घ्या, भडक कपडे टाळा. मुलांना धावू देऊ नका, एका जागी दहा मिनिटे बसवा. आणि एक वही न्या. थवा मोजायची युक्ती अशी: आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा केवढी जागा व्यापतात हे डोळ्यात धरायचे, मग तेवढ्या जागा थव्यात किती बसतात ते पाहायचे. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते, तीतही मोठे थवे असेच अंदाजाने मोजतात. ऊन चढले की पक्षी झाडोऱ्यात शिरतात, मग न्याहारी करा आणि परत फिरा.

घरी जाण्याआधी थोडी वाट वाकडी करून कासारसाईच्या भिंतीवर थांबा. त्याच वहीत, समोरच्या पानावर, तिथले वारकरी मोजून लिहा आणि वर तारीख घाला.