गोष्टीतल्या बाई आणि मी



यंदा सातवीच्या इंग्रजीच्या तासाला पाठ्यपुस्तकाबाहेरच्या दोन गोष्टी घेतल्या. मूळ इंग्रजी आमच्या मुलांना जड जातं, म्हणून सोपी छोटी वाक्यं करून फळ्यावर लिहिली आणि मधे मधे मराठीतून सांगत गेले. उद्देश साधा होता. मुलांनी इंग्रजीत चार वाक्यं स्वतःची बोलावीत. झालं मात्र वेगळंच.

पहिली गोष्ट कॅथरीन मॅन्सफिल्ड यांची ‘द डॉल्स हाऊस’. न्यूझीलंडमधली, १९२२ सालची. बर्नेल बहिणींना एक मोठं बाहुलीघर भेट मिळतं. शाळेतल्या मुली दोन-दोन करून ते बघायला जातात. फक्त लिल आणि एल्स या केल्व्ही बहिणींना बोलावणं नाही. कारण त्यांची आई घरोघरी धुणं धुते आणि बाप तुरुंगात आहे अशी कुजबुज आहे. लिलचा ड्रेसही कुणाच्या तरी जुन्या टेबलक्लॉथचा. त्या भागात दुसरी शाळाच नसते, म्हणून जज्जाच्या मुली आणि धुणंवालीच्या मुली एका वर्गात बसतात. आमच्या गावात पैसेवाल्यांची मुलं सकाळीच व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात. तरी उरलेल्यांमध्ये उतरंड आहेच. शेतवाल्यांची मुलं वरती आणि वीटभट्टीवरची सगळ्यात खाली.

या गोष्टीत एक जागा आहे. वर्गातल्या बाईंचासुद्धा लिलशी बोलायचा आवाज वेगळा असतो. लिल साधीसुधी फुलं घेऊन टेबलापाशी आली, की बाई बाकीच्या मुलांकडे बघून हसतात. खरं सांगते, पहिल्या दिवशी ही जागा मी गाळली. इंग्रजी अवघड आहे, असं स्वतःलाच सांगितलं. पण एका मुलीने विचारलंच, “बाई, मुली एवढं चिडवत होत्या, तर त्यांच्या बाई काय करत होत्या?”

मग सांगावं लागलं. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, तुम्ही पण भट्टीवरच्या पोरांना मोठ्यानं विचारता, वही आणली का म्हणून. आम्हाला हळू विचारता.”

मला रागच आला आधी. म्हटलं, ही मुलं मधेच येतात, मधेच जातात, वह्या नसतात, मग विचारायचं नाही का? हे सगळं तोंडावर आलं होतं. पण तो मुलगा उद्धटपणे बोलला नव्हता, त्याने बघितलं तेच सांगितलं. घरी आल्यावर भाकरी थापताना मी माझाच आवाज आठवून बघितला. तो बरोबर होता.

दुसरी गोष्ट एलिनॉर एस्टीस यांची ‘द हंड्रेड ड्रेसेस’, १९४४ सालची, अमेरिकेतली. सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकात ती बरीच वर्षं होती. वांडा पेट्रोन्स्की ही पोलिश घरातली गरीब मुलगी. रोज एकच विटका निळा ड्रेस घालून येते आणि घरी शंभर ड्रेस आहेत म्हणते. मुली तिच्या त्या दाव्याला आणि विचित्र वाटणाऱ्या आडनावाला हसतात. “आडनावाला काय हसायचं?” असं एकाने विचारलं. लगेच दुसरा म्हणाला, “आपल्याकडं पण आधी आडनावच विचारतात की.” अमेरिकेतला वंशभेद समजावायला मी अर्धा तास ठेवला होता. त्याची गरजच पडली नाही.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती मुद्दाम लिहिते. मी विचारलं, “तुमच्यापैकी कुणाला कधी वांडासारखं वाटलंय?” सगळ्या माना एकदम भट्टीवरून येणाऱ्या मुलीकडे वळल्या. तिने डोकं बाकावर टेकवलं. मी गोष्ट शिकवायला गेले आणि तिलाच फळ्यापुढे उभं केलं. ज्याला सोसावं लागतं त्यानेच उठून सगळ्यांसमोर सांगावं, ही अपेक्षा चुकीची आहे.

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. त्या गोष्टीत मॅडी नावाची मुलगी आहे. ती स्वतः चिडवत नाही, पण गप्प राहते. तीही गरीब असते, बोललं तर उद्या आपला नंबर लागेल ही तिला भीती. मी विचारलं, “तुम्ही मॅडी कधी होता?” नाव न घालता चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, मराठी-इंग्रजी कसंही. स्वतःची चिठ्ठीही टाकली. या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर होतं. खिचडीच्या रांगेत कुणाला मागे ढकललं तेव्हा, कबड्डीत कुणाला घेतलं नाही तेव्हा. चिठ्ठ्या मी मोठ्याने वाचल्या नाहीत. एवढंच म्हटलं, की पुढच्या वेळी मॅडीने काय बोलावं ते एका इंग्रजी वाक्यात लिहा. ती वाक्यं वर्गात लावली आहेत. व्याकरणाच्या चुकांसकट.

माझ्यापुरता बदल छोटा आहे. कपाटात पाच-सहा कोऱ्या वह्या ठेवल्यात. वही नसेल त्याच्या बाकावर न बोलता ठेवते. आणि बोलताना स्वतःचा आवाज ऐकते. रोज जमतं असं नाही.

गोष्टीत मॅडी आणि तिची मैत्रीण वांडाला भेटायला तिच्या घरी जातात, तेव्हा घर रिकामं असतं. कुटुंब गाव सोडून मोठ्या शहरात निघून गेलेलं असतं. आमच्या गावची भट्टी पावसाच्या आधी बंद होते, मग ती मुलगी पण जाईल. काल तिने वही तपासायला स्वतःहून माझ्या टेबलावर आणून ठेवली. भट्टी बंद व्हायला अजून दोन-अडीच महिने आहेत.