संपाचा विमा आणि आर्वीची मावशी

विमानाचं तिकीट बुक करताना शेवटी एक छोटासा चौकोन येतो. 'प्रवास विमा हवा?' आपण काय करतो? घाईत टिक मारतो, नाहीतर घाईतच ती काढून टाकतो. त्या चौकोनामागे काय दडलंय हे वाचायला वेळ कुणाला आहे! पण आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या मंडळींनी तरी तो वेळ काढावा, असं माझं ठाम मत आहे. कारण आमचा प्रवास विमानतळावर सुरू होतच नाही. तो सुरू होतो एसटी स्टँडवर!

नोव्हेंबर 2021 ची गोष्ट. एसटी महामंडळ राज्य सरकारमध्ये विलीन करा, या मागणीसाठी कर्मचारी संपावर गेले होते. राज्यभरातले डेपो एकामागून एक बंद पडत होते. नेमकं तेव्हाच माझ्या आर्वीच्या मावशीला बंगळुरूला जायचं होतं. लेकीचं बाळंतपण! विमान नागपूरहून. तिकीट ताईनंच काढलेलं, सोबत काही शे रुपयांचा विमाही. डिंकाचे लाडू डब्यात भरून तयार. प्रश्न एकच... आर्वीतून निघायचं कसं? पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडी तर केव्हाच बंद पडलेली. काळी-पिवळीत पाय ठेवायला जागा नाही.

ताईनं विमा कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "संप कव्हर होतो मॅडम, पण पॉलिसी घेण्याआधी सुरू झालेला नाही. आणि तुमची पॉलिसी विमानप्रवासाची आहे, बसची नाही."

ताई भडकली. मी मात्र ती पॉलिसी मागवून घेतली आणि पुण्यातल्या फ्लॅटवर रात्री बसून वाचून काढली. खरं सांगू? त्या नियमात तर्क आहे. विमा असतो अनपेक्षित गोष्टीचा. घराला आग लागल्यावर आगीचा विमा कोण देईल? गोची अशी की, संप बहुतेक वेळा सांगून येतो. सार्वजनिक सेवेत कायद्यानं आगाऊ नोटीस द्यावी लागते. पेपरात बातमी येते. आणि तिथून पुढे विमा कंपनीच्या लेखी तो 'माहीत असलेला' धोका होतो. म्हणजे बातमी वाचून विमा काढायला धावण्यात अर्थ नाही.

तेव्हा फंडा सिम्पल आहे. तिकीट काढाल त्याच दिवशी विमा काढा. काढण्याआधी तीन गोष्टी बघा. 'संप' हा शब्द पॉलिसीत स्पष्ट लिहिलाय का? किती तास उशीर झाला की पैसे मिळतात? आणि घर ते विमानतळ हा टप्पा त्यात धरलाय का? आपल्याकडच्यांसाठी हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

विम्याशिवायही काही हक्क आपले असतातच. विमान रद्द झालं तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, हे कंपनीला द्यावंच लागतं. वरची नुकसानभरपाई मात्र विसरा. आपल्या डीजीसीएच्या नियमांत संप हा कंपनीच्या हाताबाहेरचा प्रसंग मानला जातो. युरोपात उलट! विमान कंपनीच्याच पायलटांनी केलेला संप हा असाधारण प्रसंग नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये दिला. त्यामुळे तिथून निघणाऱ्या प्रवाशाला 600 युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. ऑनसाइट जाणाऱ्या मित्रांनो, हे लक्षात ठेवा. आणि रेल्वेच्या तिकिटासोबत मिळणारा, एक रुपयाही न लागणारा विमा? तो फक्त अपघाताचा. गाडी रद्द झाली तर भाडं परत मिळतं, पण हुकलेल्या पुढच्या प्रवासाचं काय, ते आपलं आपण बघायचं.

आता तुम्ही विचाराल, मावशीचं काय झालं? ती वेळेत पोचली. तिला नागपूरला सोडलं शेजारच्या एसटी ड्रायव्हरदादांनी. जे स्वतःच संपावर होते! मेहुण्याची सुमो घेऊन आले आणि म्हणाले, "मावशी, भांडण सरकारशी हाय, तुमच्याशी थोडीच हाय? बसा गाडीत." घेतले फक्त डिझेलचे पैसे. वाटेत त्यांनी तिला सगळं सांगितलं. वेळेवर न होणारा पगार, पोरीची कॉलेजची फी, दुकानातली उधारी. संध्याकाळी मावशीचा मला फोन. पोचल्याचं सांगून झाल्यावर म्हणाली, "गाड्या बंद म्हणून मी त्याहिले रोज शिव्या घालत होती बाप्पा. आता नाही घालत."

पुढे उच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांना 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि गाड्या हळूहळू सुरू झाल्या. तोवर नातू पालथा पडायला लागला होता! तेवढे महिने दादांच्या घरी पगार नव्हता. आपल्या चुकलेल्या विमानाची किंमत पॉलिसीत छापलेली असते. त्यांच्या त्या महिन्यांसाठी तिथे रकाना नाही, आणि कुठलीच पॉलिसी तो काढणारही नाही.

विमा जरूर काढा, वेळेवर काढा. पण संप सुरू झाला की नुसतं 'यांच्यामुळे माझी ट्रिप बोंबलली' असं स्टेटस टाकण्याआधी, आपल्या गल्लीतल्या ड्रायव्हरदादांना एकदा विचारा तरी, "दादा, काय मागून राहिले तुम्ही?"