'मोरेना क्लारा' पाहतांना

परक्या भाषेंतील विनोदाला हंसूं आलें म्हणजे माणसास उगाचच आपल्या रसिकतेचा अभिमान वाटतो. आमचेंहि तसेंच झालें. गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं 'मोरेना क्लारा' हा जुना स्पॅनिश बोलपट आम्हीं घरींच पाहिला. अंतोनियो किंतेरो व पास्क्वाल गियेन या जोडीच्या नाटकावरून फ्लोरियान रेय यांनीं तो १९३६ सालीं काढला. आमची सारी भिस्त इंग्रजी तर्जुम्यावर होती. पण संवाद रंगांत आला कीं पात्रानें गाऊं लागावें, हा रिवाज संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी माणसास शिकवावा लागत नाहीं.

त्रिनिदाद ही जिप्सी तरुणी व तिचा भाऊ रेगालीतो यांच्यावर डुकराचें खारविलेलें मांस चोरल्याचा खटला होतो. सरकारी वकील मोठा करडा. पुढें हीच मुलगी त्याच्या घरांत शिरते, घरच्यांचीं मनें जिंकते आणि अखेर वकीलसाहेबहि तिच्या प्रेमांत पडतात. कथानकांत याहून फारसें कांहीं नाहीं. इंपेरियो आर्खेंतिना या नटीचा आवाज आणि भावाच्या भूमिकेंतील मिगेल लिगेरोचा साळसूद चेहरा यांवर सारा खेळ उभा आहे. कोर्टाच्या प्रवेशांत तर हंसतां हंसतां आमची मुरकुंडी वळली.

मागाहून बोलपटाची हकीकत वाचली. एप्रिल १९३६ मध्यें तो माद्रिदला लागला. जुलैंत यादवी युद्ध पेटलें, आणि कांहीं काळ एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन्ही पक्षांचे लोक याच गाण्यांवर डोलत राहिले. रेय आणि आर्खेंतिना हें दांपत्य पुढें बर्लिनला गेलें. तेथें तयार झालेल्या 'कार्मेन, ला दे त्रियाना' या १९३८ च्या बोलपटांत ही नटी पुन्हां जिप्सीणच झाली. ती स्वतः जिप्सी नव्हती. जे खरे जिप्सी त्या शहरांत राहत होते, त्यांना पोलिसांनीं १९३६ च्या जुलैंत, ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर, मार्त्सान येथील छावणींत नेऊन टाकलें होतें. त्यांतील अनेकांची पुढें ऑश्विट्झला रवानगी झाली.

हें वाचलें आणि आमच्या गांवची चावडी डोळ्यांपुढें आली. माळावर पारध्यांचीं पालें पडलीं कीं आई दोरीवरचे कपडे आंत घेई. एकदां आमचा पितळेचा तांब्या दिसेना. शेजाऱ्यांनीं पोलीसपाटलास वर्दी दिली. कडेवर मूल असलेल्या एका बाईस चावडीवर आणलें. ती हातवारे करून आपल्या बोलींत कांहींतरी सांगत होती आणि आम्ही पोरें तिच्या बोलण्याची नक्कल करून हंसत होतों. अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा १९५२ सालींच रद्द झाला होता. आमच्या आळीला त्याची वार्ता नव्हती. चार दिवसांनीं तांब्या हौदाच्या तळाशीं सांपडला. तोंवर पालें उठलीं होतीं. आईनें तो चिंचेनें लखलखीत घांसला आणि फडताळांत ठेवून दिला.

परवां घरच्या मंडळींच्या आग्रहावरून तो बोलपट पुन्हां लावला. गाणीं आतां आम्हांला गुणगुणतां येऊं लागलीं आहेत. कोर्टाचा प्रवेश आला आणि मुलें खदखदून हंसूं लागलीं. आमच्या तोंडाकडे पाहून सौभाग्यवतींनीं विचारलें, "झोंप आली का?" आम्हीं "हो" म्हटलें.