बाभळीला लोखंड, आंब्याला पितळ

माझ्या कामाला लागणारं बरंचसं पितळ किल्लीवाल्यांकडून येतं. नारायणगाव असो, मंचर असो, बाजारपेठेत किल्ल्या काढून देणारा एखादा टपरीवाला असतोच आणि त्याच्या मशीनखाली दिवसभर पिवळा चुरा साठत असतो. त्याला तो संध्याकाळी झटकून टाकायचा असतो, मला हवा असतो. फुकट मागितला की तो संशयाने बघतो, चहाचे पैसे पुढे केले की डबी भरून देतो आणि वर विचारतो, "दादा, ह्याचं सोनं करता का काय?"

सोनं नाही, भरणा करतो. मी लेथवर लाकूड कातणारा माणूस. वाडगे, फुलदाण्या, दिव्यांची बैठक असल्या गोष्टी करतो आणि लाकडातल्या भेगा, गाठींची भोकं, किडीची बिळं धातूच्या चुऱ्याने भरतो. बाजेचे खूर, लाटणी, रव्या कातणाऱ्या जुन्या कातारी मंडळींना भेगाळलेला ठोकळा म्हणजे सरपण. त्यांचं बरोबरच होतं. खुराला भेग असली तर बाज मोडते. वाडग्याचं तसं नसतं.

लाकूड मी जंगलातून आणत नाही. पश्चिमेला भीमाशंकरचं अभयारण्य आहे, तिथली काडी उचलायची नाही. खासगी रानातल्या झाडालाही कायदा आहेच. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा हे सगळे आहेत; परवानगीशिवाय कुऱ्हाड लागत नाही. मग माझ्याकडे येतं ते वादळात पडलेलं, पडक्या वाड्यातून निघालेलं आणि बैलगाडीचं.

बैलगाडीचं म्हणजे तुंबा. चाकाच्या मधला बाभळीचा गोल, ज्यात आरे ठोकलेले असतात. ट्रॅक्टरची ट्रॉली आली आणि जुन्नर-आंबेगावातल्या ओझ्याच्या गाड्या गोठ्यामागे जाऊन बसल्या. बैलगाडा शर्यतींचा प्रश्न २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला, शर्यतीचे घाट पुन्हा गजबजले, पण शर्यतीचा छकडा हलका असतो. जुनी गाडी काही परत आली नाही. चाकाची लोखंडी धाव भंगारात जाते, आरे चुलीत जातात, तुंबा उरतो. तो फोडायचा म्हणजे कुऱ्हाडीचा जीव जातो, म्हणून तो बिचारा वर्षानुवर्षं पावसात पडून असतो.

मला त्याच्याएवढं आवडतं लाकूड दुसरं नाही. आतून लालसर तपकिरी, घट्ट, पटाशीखाली खणखणीत. पण त्याच्या अंगावर आऱ्यांच्या चौकोनी खाचा असतात, मधोमध कण्याचं भोक असतं आणि तिथून बाहेरच्या बाजूला फुटलेल्या भेगा असतात. लाकूड वाळताना घेराच्या दिशेने जेवढं आटतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. त्यामुळे अख्खा गोल बुंधा न फाटता वाळणं जवळपास अशक्य. शिवाय तुंब्याने आयुष्यभर वंगण प्यायलेलं असतं. वंगणावर कुठलाही गोंद धरत नाही, म्हणून भेग आधी थिनरने धुवायची, कापसाला काळं लागायचं थांबेपर्यंत. हे कंटाळवाणं काम जो टाळतो त्याचा भरणा पुढे खपलीसारखा निघून हातात येतो.

भरण्यासाठी ऋतूही बघावा लागतो. पावसाळ्यात आपल्याकडचं लाकूड फुगतं, भेग मिटल्यासारखी दिसते. तेव्हा भरलं की चैत्रात लाकूड आटतं, धातू मात्र आटत नाही, आणि भरण्याला चिकटून नवी बारीक फट पडते. मी फाल्गुन-चैत्रात भरतो, भेग रुंदावलेली असताना. मग पावसात लाकूड फुगून धातूला आवळतं. हा दाब जुनं, वाळून निमालेलं लाकूड सोसतं. ओल्या लाकडाला कसलाच मुहूर्त उपयोगाचा नाही. दिवाळीच्या ऑर्डरी श्रावणात घेऊन येणाऱ्यांना मी हे समजावत बसत नाही, नाही म्हणतो.

आता चुरा. किल्लीवाल्याच्या पितळेत पोलादी किल्ल्यांचाही कीस मिसळलेला असतो. कागदावर पसरून त्याच्यावरून लोहचुंबक फिरवायचा, तोही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नाहीतर चुंबकाला चिकटलेला कीस सुटता सुटत नाही. मग चाळणी. माझ्या हिशोबाने जाड आणि बारीक मिसळून लागतं. जाड कण भेगेत बसतात आणि त्यांच्या सांध्यांत बारीक. तयार पावडर दुकानात ‘मेश’वर मिळते, १०० मेश म्हणजे साधारण १५० मायक्रॉनचा कण, ३२५ मेश म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास. नुसती बारीक भरली तर पातळ गोंद वरच्या वर अडतो आणि खाली कोरडी भुकटी राहते. मूर्तींना लावतात ती सोनेरी पावडर मात्र या कामाला घेऊ नये. तिचे कण चपट्या पापुद्र्यांचे असतात. लावताना झळाळतात, काचपेपर फिरला की मातकट होतात.

भेगेच्या कडांना आधी चपडीचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात द्यायचा. याची दोन कारणं. पातळ सायनोअॅक्रिलेट, म्हणजे ज्याला सगळे फेविक्विक म्हणतात त्या जातीचा गोंद, आंब्यासारख्या फिकट लाकडात पसरून डाग पाडतो. आणि घासताना उडणारी धातूची धूळ लाकडाच्या उघड्या रंध्रांत बसली की ती निघत नाही. चपडी दोन्ही अडवते. मग चुरा कोरडाच भरायचा, काडीने ठासायचा, वर शीग ठेवायची आणि पातळ गोंद थेंबाथेंबाने मुरू द्यायचा. घाई करून वर अॅक्टिव्हेटर फवारला तर गोंद उकळल्यासारखा फेसाळतो आणि पांढरा पडतो. वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडकी उघडी आणि तोंड लांब.

भेग ३ मिलिमीटरच्या वर गेली की मी इपॉक्सीकडे वळतो. तिथे वेगळी गंमत. पितळ इपॉक्सीच्या सातपट जड. मिश्रण ओतून तुम्ही जेवायला गेलात की पितळ बुडाशी आणि वर नुसता राळेचा पिवळट थर. म्हणून मिश्रण इडलीच्या पिठापेक्षाही घट्ट ठेवायचं, भेगेच्या वर दोन-तीन मिलिमीटर चढवायचं आणि तो वरचा थर कातूनच टाकायचा. पितळेवर साध्या पटाशीची धार लगेच मरते, कार्बाइडची टोकं टिकतात. शेवटी काचपेपर १२० पासून ४०० पर्यंत, वेग कमी ठेवून, कारण घर्षणाने गोंद तापला की मऊ होतो. धूळ हवेने उडवायची, फडक्याने पुसायची नाही. पुसली की पितळेची राखाडी मळी शेजारच्या लाकडात जाते.

एवढं सगळं करून बाभळीच्या तुंब्यात मी पितळ भरत नाही. गिऱ्हाइकाला पितळच हवं असतं, ते फोटोत चमकतं. पण बाभळीत टॅनिन आहे आणि कण्याच्या नळीपाशी, आऱ्यांच्या खाचांपाशी लोखंडाचा संग होऊन ती आधीच निळसर काळी झालेली असते. त्या काळ्यात पिवळी रेघ म्हणजे जुन्या लुगड्याला टिकल्या लावल्यासारखी दिसते. तिथे लोखंडाचा कीस भरावा. फॅब्रिकेशनच्या दुकानात तो हवा तेवढा मिळतो, फक्त तेलकट नसावा. गोंदात बंद झालेला कीस गंजत नाही, पण कडेला जिथे ओलावा आणि लोखंड लाकडाला भेटतात तिथे काळी किनार उमटते. ती मी मुद्दाम उमटवतो. भरण्याच्या कडेने हिरड्याचं पाणी ब्रशने ओढतो आणि रात्रभर ठेवतो.

हिरडा आमच्याच पश्चिम पट्ट्यातला. सुक्या फळात तीस टक्क्यांच्या आसपास टॅनिन, म्हणूनच कातडी कमावायला त्याला मागणी. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र केले की काळी शाई होते. भेगेच्या कडेला घडतं तेही तेच. इथल्या आदिवासी कुटुंबांचं वर्षाचं रोख उत्पन्न बाळहिरड्यावर, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळावर, असतं आणि जून २०२० च्या निसर्ग वादळात ही झाडं मोठ्या संख्येने उन्मळली. त्यातले काही ओंडके माझ्याकडे आले. लाकूड कठीण, सुंदर. पण ते विकणाऱ्याचं दरवर्षीचं फळ गेलेलं असतं, आणि ओंडक्याची कुठलीही किंमत त्याच्याशी जुळत नाही. हिरड्याच्या लाकडात लोखंड भरलं तर आजूबाजूचा भाग इतका काळवंडतो की भेगच हरवते, तिथे पुन्हा पितळ बरं.

तांबं मी क्वचितच वापरतो. पुण्याच्या तांबट आळीतून तांब्याचा चुरा आणत असेन असं लोकांना वाटतं. तांबट मठारतात, घासत नाहीत; त्यांच्याकडे कातरणं निघतात, चुरा नाही. मी दुकानातली पावडर घेतो. तांबं ताजं असताना गुलाबी, महिन्याभरात विटकरी, आणि वर जवसाचं तेल लावलंत तर हिरवट. लाखेच्या किंवा लॅकरच्या थराखाली थोडं टिकतं. पितळ-तांब्याच्या भरण्याचा वाडगा मी दह्या-ताकासाठी देत नाही. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं हे माहीत असलेल्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही. शहरातून आलेल्यांना सांगावं लागतं, मग ते विचारतात, "मग ह्याचा उपयोग काय?" सुका मेवा ठेवा. किल्ल्या ठेवा.

त्यांच्यापैकी कोणीतरी जपानच्या किंत्सुगीचं नाव घेतंच. ती फुटलेल्या मातीच्या भांड्याची कला, राळ वेगळी, सोनं खरं. लाकडात धातू बघायचा तर आजीचा पितळी फुल्यांचा पाट आठवावा, किंवा उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीची तारकशी बघावी, शिसवीत पितळेची तार ठोकून काढलेली वेलबुट्टी. त्या कारागिराने खाच स्वतः कोरलेली असते. मला ती झाडाने कोरून दिलेली मिळते, आणि ती कुठे वळणार यावर माझा हक्क नसतो.

सगळ्याच भेगा भरायच्या नसतात. बोटभर रुंद भेगेत धातू ठासला की तेवढा भाग लाकडाच्या कित्येक पट जड होतो, ठोकळा लेथवर थरथरायला लागतो, आणि आरपार चिरलेला असेल तर फुटून अंगावर येतो. अशा तुंब्याला मी बाहेरून तारेने आवळून, वेग अगदी कमी ठेवून कातून घेतो, भेगेच्या कडा हाताने घासून गुळगुळीत करतो आणि ती मोकळीच सोडतो. गिऱ्हाईक त्यावर किंमत कमी करायला सांगतं. मी करत नाही.