नेम आणि नेम

मराठीत ‘नेम’ या शब्दाला दोन घरे आहेत. एका घरी तो लक्ष्याकडे रोखलेल्या नजरेचा असतो. दुसऱ्या घरी तो ‘नियम’ या संस्कृत शब्दाचा झिजलेला, रोजच्या वापरातला अवतार म्हणून नांदतो. आजी एकादशीचा नेम धरायची आणि आम्ही आंब्यावर दगडाचा नेम धरायचो, क्रियापद एकच. वर्गात हा शब्द शिकवताना आम्ही आजवर ही गंमत सांगून पुढे सरकत आलो. या दोन अर्थांचा परस्परांशी काही देण्याघेण्याचा व्यवहार असेल, हे मात्र जालना एमआयडीसीतल्या एका गोदामात, मागल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी प्रथम ध्यानात आले.

प्रसंग साधाच होता. आमचा एक माजी विद्यार्थी तिथल्या एका सळईच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.त त्याला नेमबाजीची गोडी लागली, ती नोकरीतही सुटली नाही. ओळखीच्या मालकाच्या रिकाम्या गोदामाचा अर्धा भाग मागून घेऊन त्याने तिथे दहा मीटरच्या चार मार्गिका आखल्या होत्या. एक दिवस तो घरी येऊन म्हणाला, “सर, एक छोटी स्पर्धा घेऊ. कॉलेजची मुलं आणि एमआयडीसीतली माणसं, एकत्र. मैत्रीपूर्ण. नियम तेवढे मराठीतून लिहून द्या, आणि गुण मोजायला बसा. पेपर तपासणाऱ्या माणसांवर सगळ्यांचा विश्वास असतो.” या शेवटच्या वाक्याने आम्ही तिघे मराठीचे अध्यापक खूश झालो. आता ते वाक्य आठवले की थोडे अवघडल्यासारखे होते.

स्टाफरूममध्ये अपेक्षित प्रश्न विचारला गेलाच : साहित्याच्या माणसांना पिस्तुलाची उठाठेव कशाला? प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. आमच्याच जिल्ह्यात, असईच्या रानात २३ सप्टेंबर १८०३ रोजी हजारो माणसे तोफाबंदुकांपुढे पडली. त्या भूमीत शस्त्राला खेळणे म्हणताना जीभ जरा अडखळावी, हेच बरे. पण हा खेळ महाराष्ट्राच्या घरचा झाला आहे, हेही खरे. अंजली भागवत एन.सी.सी.तून नेमबाजीकडे वळल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या; त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी रायफलीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर, म्हणजे ७२ वर्षांनी, वैयक्तिक ऑलिंपिक पदक मराठी मुलखात आले. कोल्हापुरात जे रुजले त्याचे बी मराठवाड्यात पडायला हरकत नव्हती. आणि बियाणे हा तर जालन्याचा जुना धंदाच आहे.

तयारीला लागल्यावर कळले, की या खेळात पराक्रम थोडा आणि मोजमाप फार. पिस्तूल हवेच्या दाबावर चालणारे, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या शस्त्राला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही; तरी आम्ही पोलीस ठाण्याला रीतसर पत्र दिले. टेपने दहा मीटर मोजून जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर आला पाहिजे, तो आणला. कार्डांमागे लोखंडी पत्र्याच्या, आतून जुना कन्व्हेअर पट्टा लावलेल्या तिरप्या पेट्या ठेवल्या. लोखंडाची तर या गावी ददात नाही. भंगार वितळवायचे, त्याचे ठोकळे ओतायचे आणि ते लाटून सळया काढायच्या, हाच इथला रात्रंदिवसाचा उद्योग. गोदामाला दोन दारे होती. लक्ष्यांच्या बाजूचे कुलूप लावून बंद केले आणि किल्ली आमच्यातल्या एकाच्या खिशात गेली.

लक्ष्याचे कार्ड हातात घेतल्यावर प्रत्येकाचा पहिला उद्गार सारखाच असे : एवढेसेच? काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचे, आणि त्याच्या पोटातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे. आम्ही ही संख्या वाचून दाखवली तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. कारखान्यातला एक फिटर मात्र लगेच म्हणाला, “म्हणजे बारा एम.एम.च्या सळईचं टोक.” त्याने खरोखरच एक तुकडा आणून कार्डावर टेकवला. दहाचे वर्तुळ झाकले गेले. त्यानंतर कोणालाही आकडा सांगावा लागला नाही. बक्षीसही तिथेच ठरले : घासूनपुसून चकचकीत केलेला बारा एम.एम. सळईचा वीतभर तुकडा, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला.

सरावाच्या दिवसांत आमच्या एका आवडत्या दृष्टान्ताचा निकाल लागला. द्रोणाचार्यांनी विचारले आणि अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही कथा आम्ही एकाग्रतेच्या प्रत्येक व्याख्यानात वापरली आहे. पिस्तुलाच्या नेमात ती चालत नाही. माणसाच्या डोळ्याला जवळचे आणि लांबचे एकाच वेळी लख्ख दिसत नाही. म्हणून नजर ठेवायची ती नळीच्या टोकावरच्या साईटवर. मागल्या साईटच्या खाचेत ती नीट मधोमध आणि समपातळीत बसली पाहिजे. काळे वर्तुळ धूसरच दिसायला हवे. कारण पिस्तूल हातातच किंचित वाकडे झाले, तर दहा मीटरवर ती चूक कितीतरी पटींनी मोठी होते. लक्ष्याकडे टक लावणारा हटकून चुकतो. स्वतःच्या हाताकडे पाहणारा बहुधा बरा नेम साधतो. दुसरा धडा याहून अवघड : हात उचलला म्हणजे चाप ओढलाच पाहिजे, असे नाही. आठदहा सेकंदांत नेम जमला नाही, तर हात खाली घ्यायचा, श्वास सोडायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. न झाडलेल्या छर्‍याचा गुण कापला जात नाही.

नियमांचे मराठी करणे हा आमचा प्रांत. ‘सुरू’ आणि ‘थांबा’ या आज्ञा आम्ही मोठ्या हौसेने लिहिल्या. पण मार्गिकेवर उभे राहणाऱ्यांत बिहारकडचे दोन कामगारही होते, आणि धोक्याच्या क्षणी उच्चारायचा शब्द सर्वांना सारखाच कळला पाहिजे. तेव्हा ‘स्टॉप’ हाच शब्द ठेवला. बाकी एका फळ्यावर बारा कलमे मावली : पिस्तुलाचे तोंड सदैव लक्ष्यांकडे, बोट चापाबाहेर, काम नसताना नळीत नारिंगी दोरा, एका हातानेच नेम, प्रत्येकाला मोजून २० छर्रे, दहा कार्डे, प्रत्येक कार्डावर दोन छर्रे. एक कलम आम्हांला विशेष आवडले होते. छर्‍याचे छिद्र वरच्या गुणाच्या रेषेला नुसते शिवले, तरी वरचा गुण द्यायचा. काठावरच्या मुलाला अर्धा गुण वाढवून देताना आमचे मन जे करते, तेच इथे कायद्याने केले होते.

रविवारी सोळा जण आले. चार-चारांच्या चार तुकड्या. शेजारच्या रोलिंग मिलचा घरघराट चालू होता. आत मात्र छर्‍याचा कोरडा ‘टक्’ तेवढा ऐकू येई. तिसऱ्या तुकडीत तिसऱ्या मार्गिकेवर आमच्या द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी होती. चौथीवर एका कारखान्यातले वयस्क अधिकारी. मुलीचे वडील त्याच कारखान्यात भट्टीवर कामाला. आमच्या स्पर्धेचा हेतू हाच तर होता, की दहा मीटरच्या रेषेवर साहेब आणि कामगाराची लेक शेजारी-शेजारी उभे राहावेत.

सातवे कार्ड दोरी ओढून जवळ आणताच मुलीने हात वर केला. कार्डावर दोन नव्हे, तीन छिद्रे होती : एक दहाचे, एक नऊचे, एक सातचे. शेजारच्या मार्गिकेच्या सातव्या कार्डावर एकच होते. साहेबांचा एक छर्रा शेजारी गेला होता, हे उघड झाले. ते दिलखुलास हसले. “आयुष्यात एक दहा मारला, तोही दुसऱ्याच्या घरात!” त्यांच्या खाती शून्य लागले. पण मुलगी हसली नाही. ती म्हणाली, “सर, दहाचा माझा नाही. माझे नऊ आणि सात. सातच्या वेळी हात हलला होता, तो खाली घ्यायला हवा होता. मला कळलं होतं.”

आम्ही कार्डावर खूण केली आणि पुढे चला म्हटले. प्रश्न उरला तो शेवटी, बेरजा झाल्यावर. तिचे म्हणणे मानले तर तिचे १६८ होत होते. दहा आणि नऊ धरले तर १७१. मधे १७० गुणांवर उभा होता तो फिटर, बारा एम.एम.वाला.

आमच्या बारा कलमांत शेजारच्या कार्डावर गेलेल्या छर्‍याचा विचारच नव्हता. तेव्हा आम्ही आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक उघडले. त्यात तरतूद स्पष्ट आहे : दुसऱ्याचा छर्रा आपल्या लक्ष्यावर आला आणि कोणता कोणाचा हे ठरवता येत नसेल, तर खेळाडूला अधिक गुणांचा छर्रा द्यावा. खेळाडूने एखादा छर्रा नाकारला, तरी पंचाला स्वतःला खात्री पटली नाही, तर तो त्याच्याच खाती मोजावा. पंचाने काही पाहिले नव्हते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिघांच्याही चेहऱ्यावर सारखीच सुटका होती. निकाल १७१ असा वाचून दाखवला, टाळ्या झाल्या, सळईचा तुकडा आमच्या विद्यार्थिनीच्या हाती गेला. तिने तो घेतला, कारण सरांनी दिलेले नाकारायचे नसते, हेही आम्हीच शिकवलेले. फोटोत ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

कार्डे गोळा करताना फिटर आमच्याजवळ आला. रागावलेला नव्हता. फळ्याकडे बोट करून त्याने हलक्या आवाजात एवढेच म्हटले, “सर, हा नियम पाटीवर नव्हता.”

आम्ही नियमपुस्तकातले कलम त्याला दाखवले. त्याने मान डोलावली, हात मिळवला आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला. आमचे उत्तर बिनचूक होते आणि त्याचा प्रश्न वेगळा होता. ते कलम मोठ्या स्पर्धांसाठी योग्यच आहे. संशयाचा फायदा खेळाडूला, हे तत्त्वही उमदे आहे. पण इथे संशय कोणाला होता? तिला नव्हता. आम्हांला तो हवा होता. मुलगी आमची नसती, आणि १७० वर आमचा विद्यार्थी असता, तर आम्ही पुस्तक उघडले असते का? बहुधा म्हटले असते, की ही मैत्रीपूर्ण स्पर्धा आहे, खेळाडूच्या शब्दावर विश्वास ठेवू या. ‘मैत्रीपूर्ण’ म्हणजे नियम सैल, असा आमचा समज होता. आता वाटते, तिथेच तो अधिक घट्ट हवा. कारण मोठ्या स्पर्धेत दाद मागायला समिती असते, इथे फक्त एकमेकांची तोंडे असतात.

नेम हा छर्रा सुटण्याआधी धरायचा असतो. सुटून गेल्यावर छिद्राभोवती वर्तुळ काढणे, हे त्या शब्दाच्या कोणत्याच अर्थात बसत नाही.

पुढल्या आठवड्यात आम्ही तिघे कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटण्याची वाट पाहत उभे राहिलो आणि फिटरला चूक सांगितली. त्याने चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत, आणि विषय बदलून विचारले, की पुढली स्पर्धा केव्हा. बक्षीस बदलून द्यायची गोष्ट आम्ही काढली, तेव्हा कळले की तो तुकडा त्याच्याच घरी आहे. मुलीने वडिलांच्या हाती तो केव्हाच पाठवून दिला होता. आम्हांला काही न विचारता.

फळ्यावर आता तेरा कलमे आहेत. तेरावे तिच्या हस्ताक्षरात लिहून घेतले : छर्रा कोणाचा याचा संशय आल्यास, ज्याच्या कार्डावर तो आहे त्याचा शब्द मानावा. आंतरराष्ट्रीय पुस्तकात ते बसत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण यंदा ते स्पर्धेच्या आधी लिहिलेले असेल.